उपनगरातील विद्यार्थ्याचा उन्हाळा



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, अशी आम्हांला शंका आहे. व्याख्यानमालेत संतवाङ्मय यावे, इतिहास यावा, देशाचे अर्थकारण यावे. कॉलेजातल्या मुलांचे एप्रिल-मे महिने कसे जातात, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? परंतु आम्हांला तो या मालेच्या अगदी घरचा विषय वाटतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी अशा माला निघाल्या. या दिवसांत शिकविणारा मोकळा असतो, ऐकणारा मोकळा असतो, आणि पुष्कळदा शाळेचे पटांगणही मोकळे असते. म्हणजे आपण सारे येथे जमतो ते शाळा-कॉलेजांच्या सुटीच्या जिवावर. मग ज्याच्या नावाने ही सुटी दिली जाते तो विद्यार्थी या दिवसांत कोठे असतो, एवढी चौकशी तरी आपण करावयास हवी.

विद्यार्थी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला विद्यार्थी उभा राहतो. कट्ट्यावर बसलेला, फटफटीवरून फिरणारा, परीक्षेच्या आदल्या रात्री जागा होणारा. तसे विद्यार्थी आहेत आणि आमचे त्यांच्याशी वैर नाही. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते दुसऱ्या एका विद्यार्थ्याविषयी. तो घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहतो, नाहीतर मरोळच्या चाळीत, नाहीतर बोरिवलीच्या एखाद्या पुनर्वसन इमारतीत सातव्या मजल्यावर. बहुधा वाणिज्य शाखेला असतो. त्याच्या घराचे क्षेत्रफळ सरकारी नियमातच लिहिलेले आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत प्रारंभी २२५ चौरस फूट जागा मिळे, मग ती २६९ झाली, आता ३०० झाली आहे. त्या ३०० चौरस फुटांत आई-वडील, आजी, धाकटी बहीण आणि हा. फ्रिज आहे, दूरचित्रवाणी आहे, देव आहेत, गावाहून आलेले तांदळाचे पोते आहे. नाही ते फक्त टेबल.

आता या घरात उन्हाळा आणून पाहा. मुंबईचा उन्हाळा म्हणजे मे महिना, अशी आपली समजूत असते. घामाच्या बाबतीत ती खरी आहे. पण पारा सर्वांत वर चढतो तो मार्च-एप्रिलमध्ये. सांताक्रूझच्या वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि २८ मार्च १९५६ रोजी ४१.७. याचे कारण मोठे साधे आहे. आपल्याकडे दुपारी समुद्रावरून वारा येतो तो शहराला सांभाळून घेतो. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडचा, जमिनीवरचा कोरडा वारा जोर धरतो. मग समुद्रावरचा वारा यायला दोन-तीन तास उशीर होतो आणि तेवढ्या वेळात पारा चढतच राहतो. घाटकोपर-मुलुंडकडे तर हा वारा सबंध उपनगर ओलांडून येणार. मुलुंडच्या आणि समुद्राच्या मध्ये शिवाय राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. पत्र्याच्या छपराखाली अशा दुपारी काय होत असेल, ते वेगळे सांगावयास नको. नेमक्या याच दिवसांत बारावीची परीक्षा येते, प्रात्यक्षिके येतात आणि पदवीच्या परीक्षा येतात.

पूर्वी निदान एक गोष्ट सुखाची होती. वर्षाची मुख्य परीक्षा एकदाच. ती एप्रिलमध्ये संपली की विद्यार्थी खरोखर सुटायचा. ट्रंक भरायची, कोकणची गाडी धरायची, आणि करवंदे, फणस, आंबे यांत दीड महिना काढून पावसाबरोबर परत यायचे. मुंबई विद्यापीठात २०११ च्या सुमारास सहामाही सत्रांची पद्धत आली आणि परीक्षेचा हंगाम वर्षातून दोनदा भरू लागला. एखाद्या विषयात राहिलेला विद्यार्थी त्याला ‘केटी लागली’ म्हणतो, आणि ती केटी सोडविण्याचा अभ्यास सुटीतच व्हावयाचा. बारावीनंतर अभियांत्रिकीकडे वा औषधनिर्माणशास्त्राकडे जाणाऱ्याची प्रवेशपरीक्षा एप्रिल-मेमध्येच. नव्या राष्ट्रीय धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणला आहे. ते काम शोधण्यासाठी अर्ज लिहावयाचे तेही याच दिवसांत. आणि निकालाची वाट पाहणे आहेच. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासावयाचे ठरविले. ते काम असे अडकले, की कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली तीही उलटली आणि कित्येक निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या वर्षीच्या मुलांचा उन्हाळा गणेशोत्सवापर्यंत चालला, असे म्हटले तरी चालेल.

तात्पर्य, सुटी आता सूचनाफलकावरचा शब्द होऊन राहिली आहे. अभ्यास चालूच असतो, बंद होते ते कॉलेज. सत्र संपले की वर्ग बंद, कँटीन बंद. ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद निघते म्हणून तेही बंद, निदान अर्धवेळ. आवारात ताम्हण फुललेले असते, आपले राज्यपुष्प. बहावा पिवळाजर्द झालेला असतो. ते पाहावयास पहारेकऱ्याखेरीज कोणी नाही. फाटकाबाहेरचे झेरॉक्सचे दुकान तेवढे उघडे असते. उपनगरी उच्च शिक्षणाचा उन्हाळ्यातला सारा भार त्या दुकानाने वाहिला आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही हरकत घेणार नाही.

येथे थोडे मागे जावयास हवे. पूर्वी कॉलेज म्हणजे कोट विभागातले एल्फिन्स्टन, धोबीतलावाचे झेवियर्स, गिरगाव चौपाटीचे विल्सन. बोरिवलीच्या मुलाने तेथवर जावयाचे. १९३७ साली माटुंग्याला रुईया निघाले, तेव्हा ते वाटेत आले म्हणून लोकांना हायसे वाटले. मग १९४६ साली अंधेरीला भवन्स, १९५९ मध्ये पार्ल्याचे कॉलेज, १९६० मध्ये सोमय्या, १९६१ मध्ये मिठीबाई, १९६३ मध्ये घाटकोपरचे झुनझुनवाला, आणि पुष्कळ पुढे, १९८४ मध्ये, मुलुंडचे वझे-केळकर. ही सगळी कॉलेजे लोकांनी काढली, वर्गण्या आणि देणग्या जमवून काढली, आणि उपनगरांतल्या हजारो घरांत पहिला पदवीधर त्यांनीच दिला. त्यांचे ऋण मानावयासच हवे. परंतु ती काढताना एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरली. कॉलेज दारात आले, मुलगा घरी राहून शिकणार, मग वसतिगृह कशाला? थोडेफार अपवाद सोडले तर उपनगरी कॉलेजाचे वसतिगृह म्हणजे विद्यार्थ्याचे घर. घर मोठे असते तर हा हिशेब बिनचूक होता.

याची दुसरी बाजू पाहावयाची तर पवईला जावे. १९५८ साली सोव्हिएत रशियाच्या साह्याने तेथली तंत्रविद्येची संस्था निघाली. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसविली. एका अंगाला विहार, एका अंगाला पवई तलाव, मध्ये झाडी. उन्हाळ्यात तेथेही मुले घरी जातात, पण प्रकल्पाचे काम असलेला विद्यार्थी मागे राहतो, आणि त्याला खोली असते, टेबल असते, डोक्यावर पंखा असतो, खाली खानावळ असते. याला कोणी चैन म्हणत नाही आणि म्हणूही नये. हे सारे शिक्षणाचेच सामान आहे, हे देशाला १९५८ सालीच कळले होते. तलावाच्या पलीकडून, दोन-अडीच मैलांवरच्या टेकडीवरून, आमचा विद्यार्थी त्या वसतिगृहांचे दिवे पाहतो.

आता त्याचा दिवस पाहू. पहाटे पाचला पाणी येते, तेव्हा तो उठतो. घरातले पिंप आणि हंडे त्याच्या वाट्याचे. त्यानंतरचा दीड तास सर्वांत चांगला. घर अजून निजलेले, हवा गार. दाराबाहेरच्या व्हरांड्यात, जिन्याच्या पायरीवर तो वाचतो. सातला शेजारची भांडी वाजू लागतात. नऊला घरात राहणे अशक्य होते, कारण आता आजीची मालिका आणि आईचा स्वयंपाक एकाच खोलीत चालू होतात, आणि त्या दोघींना गप्प बसा म्हणण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. मग पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली, झेरॉक्सचा गठ्ठा आणि पोळीभाजीचा डबा घेऊन तो बाहेर पडतो.

बाहेर पडतो हे ठीक, जातो कोठे? देवळाच्या सभामंडपात गार वाटते, पण भजनी मंडळ आले की उठावे लागते. मॉलमध्ये थंड हवा फुकट मिळते, पण वही उघडून बसलेला माणूस दिसला की पहारेकरी दोन फेऱ्या मारून जातो. फलाटावरच्या बाकावर बसून सांख्यिकीची गणिते सोडविणारी मुले आम्ही अंधेरीला पाहिली आहेत. दर तीन मिनिटांनी गाडी येते आणि आकडा मोडतो. काहीजण दुपारच्या सैल गर्दीत धिम्या लोकलच्या खिडकीशी बसून वाचतात. बोरिवली ते चर्चगेट तासाभराहून थोडा अधिक वेळ मिळतो, आणि वाराही मिळतो. यात अडचण एवढीच, की विद्यार्थ्याचा सवलतीचा पास घर ते कॉलेज इतक्याच मार्गाचा असतो. डिसेंबर २०१७ पासून पश्चिम रेल्वेवर वातानुकूलित लोकलही धावते, पण दुसऱ्या वर्गाच्या पासावर तिच्यात पाय टाकता येत नाही.

उरली अभ्यासिका. आपल्यापैकी पुष्कळांनी ही वास्तू आतून पाहिलेली नसेल. नगरसेवकाच्या निधीतून बांधलेली, व्यायामशाळेच्या वरची किंवा समाजमंदिराच्या मागची एक लांबट खोली. दोन ओळी टेबले, चार-सहा पंखे, कोपऱ्यात पाण्याची टाकी. तेथे एक स्वतंत्र राज्य चालते. सकाळी सातच्या आत येऊन जागा धरावयाची. जागा धरावयाची म्हणजे टेबलावर कंपासपेटी ठेवावयाची. रुमाल ठेवला तर तो धरला जात नाही, कारण रुमाल वाऱ्याने उडतो. पंख्याखालच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्या वयाच्या मानाने मिळतात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला चौथ्यांदा बसणारा तिशीचा गृहस्थ तेथला पाटील. त्याचा शब्द मोडून कोणी फोनवर बोलत नाही. दुपारी दोन ते तीन निम्मे राज्य टेबलावर डोके ठेवून झोपते. ही झोप कोणी मोडावयाची नाही, असा तेथला अलिखित कायदा आहे. चारला चहाला जाताना मात्र शेजाऱ्याने उठवावयाचे. डबे एकत्र उघडतात. चार्टर्ड अकौंटंटच्या परीक्षेला बसलेला मुलगा वाणिज्यच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला नोंदी कशा बसवावयाच्या ते कुजबुजत समजावतो. आम्हांला विचाराल तर कॉलेज या शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे एकत्र बसून शिकणाऱ्यांचा संघ, मे महिन्यात या खोलीतच शिल्लक असतो. अडचण जागेची. चाळीस जागा असतील तर बाहेर जिन्यात आणखी वीस मुले उभी असतात, आणि कोणी जेवावयास उठले की आत डोकावतात.

ही गोष्ट आजची नव्हे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी परळच्या एका चाळीत एका खोलीत राहणारा एक मुलगा होता. खोलीत माणसांची आणि सामानाची इतकी दाटी, की वडील त्याला संध्याकाळी लवकर निजवीत आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवीत. खोली शांत असे ती त्या वेळीच. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. तेथे येणाऱ्या एका शिक्षकाचे, कृष्णाजी अर्जुन केळुसकरांचे, त्याच्याकडे लक्ष गेले. पुढे १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. तो मुलगा कोण, हे या सभेला सांगावयास नको. आम्हांला येथे लक्षात आणून द्यावयाचे आहे ते निराळे. बाबासाहेबांच्या बुद्धीचे गोडवे आपण दर वर्षी १४ एप्रिलला गातो. त्या बुद्धीला बसावयास बागेतले बाक शोधावे लागले होते, हे सांगावयाचे विसरतो. ते स्वतः विसरले नव्हते. त्यांच्या संस्थेने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा त्याचे वर्ग सकाळी ठेवले. दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावे, हा हेतू. कॉलेजची वेळ विद्यार्थ्याच्या पोटाकडे पाहून ठरविता येते, हे तेव्हा मुंबईने पाहिले.

पोटाचा विषय निघाला म्हणून सांगतो. मे महिना लग्नसराईचा, आणि उपनगरांतली कितीतरी मुले या महिन्यात ‘केटरिंगला’ जातात. काळी विजार, पांढरा सदरा. संध्याकाळी पाचला मंगल कार्यालयात हजर, रात्री बारा-एकपर्यंत उभे. आपण ज्याच्याकडे न पाहता आणखी दोन पुऱ्या मागतो, तो दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असतो, आणि त्या रात्रीच्या मजुरीतून त्याची पुढच्या सत्राची फी निघावयाची असते. शेवटची गाडी चुकली तर पहिल्या गाडीपर्यंत स्टेशनाबाहेर बसावे लागते. अशा मुलाने सकाळी सातला कंपासपेटी कशी ठेवावी? मेच्या अखेरीस छपरावर ताडपत्री घालण्याचे काम येते तेही त्याचेच. २०२५ मध्ये पाऊस मुंबईत २६ मेलाच येऊन थडकला, नेहमीच्या तारखेच्या पंधरवडाभर आधी. त्या आठवड्यात किती वह्या भिजल्या असतील, त्याची गणती कोणत्याही वेधशाळेत होत नाही.

मुलाला निदान बाहेर पडता येते. मुलीचे काय? तिला फलाटावर बसता येत नाही, बागेत एकटीने बसले तर येणारा-जाणारा दोनदा पाहतो. मेमध्ये घरी पाहुणे असतात, पापड-कुरडया असतात, आणि ‘सुटीच आहे ना तुला’ या चार शब्दांत तिचा दिवस घरच्या कामाला जोडला जातो. अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी असली तरी तिला साडेसातला घरी यावे लागते, कारण वाटेवर दिवे नाहीत. जेथे मुलींसाठी वेगळी खोली आहे, तेथे ती भरलेली असते. हा बदल डोळ्यांनी दिसण्याजोगा आहे, आणि या व्याख्यानात आनंदाने सांगण्यासारखी हीच एक गोष्ट आम्हांला सापडली. खोली दिली की मुली येतात. त्यांना बोलवावे लागत नाही.

कॉलेजे उन्हाळ्यात उघडी ठेवा असे म्हटले, की चालकांकडून तीन हरकती येतात. रंगरंगोटी आणि दुरुस्ती याच दिवसांत करावयाची असते. शिपाईवर्गाला रजा द्यावी लागते. आणि मुले आवारात आली तर जबाबदारी कोणाची? पहिल्या दोन हरकती खऱ्या आहेत. शिपायालाही गाव आहे आणि त्याच्याही मुलांना सुटी आहे. त्याच्या रजेवर आमचा डोळा नाही. पण सगळी इमारत एकदम रंगवीत नाहीत. तळमजल्यावरचे दोन वर्ग रंगाच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मोकळे ठेवता येतात. फाटकावर पहारेकरी तर सुटीतही असतोच. तिसऱ्या हरकतीला आम्ही एवढेच म्हणू, की जो विद्यार्थी मार्चमध्ये तुमच्या वर्गात बसून परीक्षा देतो, तो मेमध्ये त्याच बाकावर बसला तर अधिक धोकादायक का व्हावा, हे आम्हांला उमगलेले नाही.

शिवाय दर वेळी कॉलेजकडेच बोट दाखविण्याचे कारण नाही. आपल्या सहकारी गृहसंस्थांची सभागृहे वर्षातून दोनदा उघडतात, एकदा वार्षिक सभेला आणि एकदा सत्यनारायणाला. शाळांचे वर्ग आहेत. या व्याख्यानमालेसाठी आपण ज्या शाळेचे पटांगण घेतले आहे, तिच्या तळमजल्यावर तुमच्या उजव्या हाताला तीन खोल्या आहेत. आज सायंकाळी खुर्च्या काढावयास कार्यकर्त्यांनी त्यातली एक उघडली, तेव्हा आम्ही आत जाऊन पाहिले. बाके आहेत, पंखे चालू आहेत, नळाला पाणी आहे. व्याख्यानमाला आणखी चार दिवस चालेल आणि १५ जूनपर्यंत त्या खोल्यांना काम नाही. किल्ल्या कोणाकडे असतात, ते अध्यक्षमहाराजांना ठाऊक आहे. ते आता समारोपाला उभे राहतील; त्याआधी श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारावयाचे असेल तर त्यांनी अवश्य विचारावे. मागे कठड्याशी जी तरुण मंडळी उभी आहेत, त्यांनी आधी विचारले तर आम्हांला अधिक आवडेल.